मठाच्या भिंतीपासून चाळीच्या जिन्यापर्यंत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आमच्या रोह्याच्या माणसाला कुंडलिका नदीचं भारी कौतुक. सह्याद्रीतून उतरायचं, भिऱ्याच्या वीजघराचं पाणी पोटात घ्यायचं, रोह्याच्या पुलाखालून जायचं आणि रेवदंड्याला समुद्राला मिळायचं, असा तिचा प्रवास. ती समुद्राला मिळते तिथं एका अंगाला रेवदंडा आणि चौल, तर दुसऱ्या अंगाला कोर्लई. चौलला पोर्तुगिजांनी १५२१ साली किल्ला बांधायला घेतला. समोरचा कोर्लईचा डोंगर त्यांनी निजामशाहीकडून १५९४ साली घेतला. १७४० साली मराठ्यांच्या जोरापुढं त्यांना हा सगळा मुलूख सोडावा लागला. सत्ता गेली, पण कोर्लईतली ख्रिस्ती वस्ती राहिली. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगतीतून तयार झालेली तिथली बोली आजही घराघरात बोलली जाते. लहानपणी आमची ख्रिस्ती माणसाबद्दलची माहिती इतकीच: ख्रिस्ती म्हणजे कोर्लईचा, आणि कोर्लईचा म्हणजे वेगळं काहीतरी बोलणारा.

सिस्टर नावाचं माणूस मला कळलं ते मात्र नदीच्या वाटेनं नव्हे, मुंबईच्या एस.टी.च्या वाटेनं. कळलं ते माझ्या खालामुळं. म्हणून आजच्या इतिहासाची सुरुवात तिच्यापासून करतो. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. साधा बी.ए. झालेला, चार कविता लिहिणारा माणूस. पण आपल्या घरात शिरलेला इतिहास कुठून आला हे शोधायचा हक्क सगळ्यांनाच असतो.

माझी खाला तिशीतच विधवा झाली. १९७८ साली ती मुंबईला गेली. तेव्हा रोह्याला रेल्वे आलेली नव्हती. धाटावला कारखाने उभे राहत होते, पण त्यांत न शिकलेल्या बाईला काय काम मिळणार? कुर्ल्याला नातेवाइकांची एक खोली होती. तिथं राहून ती घरकाम करू लागली. धुणं, भांडी, केर-लादी, मागाहून एका म्हाताऱ्या आजींची सेवाही. पहिल्या दोन ठिकाणी तिला नाव विचारलं आणि नकार मिळाला. तिसऱ्या ठिकाणी जाताना बरोबरच्या बाईनं तिला शिकवलं, ‘नाव शांता सांग.’ तिनं सांगितलं. काम मिळालं. पुढं बरीच वर्षं त्या घरात ती शांताबाई होती. ईदच्या दिवशी ‘पोटात दुखतं’ म्हणून सुट्टी घ्यायची आणि रोजे असले की पाणीसुद्धा का पीत नाही याचं कारण शोधून ठेवायचं. त्या घरची माणसं वाईट होती असं ती कधी म्हणाली नाही. आजी तर तिच्या हातूनच जेवायच्या. पण आपण कोण हे सांगायची मुभा तिला त्या घरात नव्हती.

१९८८-८९ च्या सुमारास कधीतरी, साधी सुती साडी नेसलेली एक बाई त्या वस्तीत यायला लागली. गळ्यात लहानसा क्रूस, हातात कापडी पिशवी. शेजारणी तिला सिस्टर म्हणायच्या. खालाला वाटलं, ही देवाधर्माचं काही सांगायला आली असणार. म्हणून पहिले दोन-तीन वेळा तिनं दार लोटून घेतलं. एके दिवशी सिस्टर जिन्यातच बसली होती, चार-सहा बायका भोवती होत्या आणि एका वहीत नावं लिहिणं चाललं होतं. किती घरं, किती तास, किती पगार, आठवड्याची सुट्टी आहे की नाही. खालानं नाव सांगितलं, ‘शांता.’ शेजारीण हसली आणि म्हणाली, ‘अगं, ही आमची आपा आहे.’ मग सिस्टरनं तिचं खरं नाव विचारलं आणि वहीत तेच लिहिलं. खाला हे सांगायची तेव्हा दर वेळी इथं थांबायची. दहा वर्षांत मुंबईत तिचं खरं नाव कागदावर लिहिणारी ती पहिली बाई होती.

मला प्रश्न पडायचा, सिस्टर म्हणजे शाळेत इंग्रजी शिकवणारी, नाहीतर इस्पितळात पांढऱ्या कपड्यांत फिरणारी. ती चाळीच्या जिन्यात बसून मोलकरणींचे पगार कशाला लिहीत होती? या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा लक्षात आलं की तिथवर पोचायला या बायकांना साधारण चारशे वर्षं लागली होती.

ही वाट आपल्याजवळच सुरू होते. जुन्या गोव्यात, टेकडीवर सांता मोनिका नावाचा एक प्रचंड मठ आहे. १६०६ साली आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी तो स्थापन केला. पौर्वात्य देशांतल्या अगदी पहिल्या स्त्री-मठांत त्याची गणना होते. जाड भिंती, मोठमोठे धिरे, वरती लहान खिडक्या. एकदा आत गेलेली स्त्री मरेपर्यंत बाहेर पडायची नाही, असा नियम. हा नियम गोव्यानं काढलेला नव्हता. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं आणि १५६६ मध्ये पोप पाचवे पायस यांनी तो साऱ्या कॅथलिक जगाला लावला होता. व्रत घेतलेल्या स्त्रीनं भिंतीआडच राहावं, प्रार्थना करावी, जगात मिसळू नये. रोग्यांची सेवा, गरिबांच्या वस्तीत जाणं ही तिची कामं नव्हतीच.

आत सगळ्या सारख्या होत्या असंही नव्हे. काळा बुरखा घेणाऱ्या वरच्या दर्जाच्या, पांढरा घेणाऱ्या खालच्या. प्रवेशाला हुंड्यासारखी रक्कम लागायची, म्हणून आत येणाऱ्या बऱ्याचशा मोठ्या घरांतल्या. आणि त्यांची कामं करायला नोकराणी होत्या, गुलाम बायकाही होत्या. देवासाठी सारं सोडलेल्या बायकांचा स्वयंपाक, धुणंभांडी कुणीतरी दुसरीच करत होती. तिची आठवण कुणी लिहून ठेवली नाही. माझ्या खालाच्या बाजूनं इतिहास बघायला लागलो की नजर आधी त्या बाईकडं जाते.

१८३४ साली पोर्तुगाल सरकारनं धर्मसंघांवर बंदी घातली. सांता मोनिकात नव्या मुली घेणं बंद झालं. होत्या त्या एकेक करून गेल्या. शेवटची भगिनी १८८५ साली वारली. त्याच इमारतीत १९६४ पासून धर्मभगिनींना शिक्षण देणारी संस्था चालू झाली. पूर्वी बाहेर जाता येऊ नये म्हणून बांधलेल्या भिंतींत, बाहेर जाऊन काम करायचं शिक्षण मिळू लागलं.

मधल्या काळात युरोपात दुसरंच काही घडत होतं. फ्रान्सच्या राज्यक्रांतीनं मठ उद्ध्वस्त केले, संघांवर बंदी आणली. पण त्याच धामधुमीत गरीब, अनाथ मुली रस्त्यावर आल्या. त्यांना बघून काही बायका एकत्र आल्या. लिऑं शहरात क्लॉडिन तेव्हने या बाईनं १८१८ साली येशू-मरिया संघ काढला. बेल्जियममधल्या लिएज इथं मारी तेरेज हाझ यांनी १८३३ साली क्रूसाच्या कन्या हा संघ काढला. अनाथ मुलींना शिवणकाम, लिहिणं-वाचणं शिकवायचं, तुरुंगातल्या बायकांना भेटायचं, आजाऱ्यांजवळ बसायचं, अशी त्यांची कामं. या बायका भिंतीआड राहिल्या नाहीत, म्हणून चर्चच्या कायद्यानं त्यांना बराच काळ पुरत्या अर्थानं व्रतस्थ मानलंच नाही. तो मान मिळायला १९०० साल उजाडावं लागलं. पोप तेरावे लिओ यांनी त्या वर्षी तसा हुकूम काढला. काम आधी झालं, मान्यता मागून आली. पुढंही हे पुन्हा पुन्हा असंच घडलेलं दिसतं.

याच संघांच्या भगिनी हिंदुस्थानात आल्या. लोरेटोच्या भगिनी १८४१ साली कलकत्त्यात, येशू-मरियाच्या १८४२ साली आग्र्याला. क्रूसाच्या कन्या १८६२ साली कराचीला उतरल्या आणि तिथून मुंबईला आल्या. मुंबई-पुण्यातली कितीतरी जुनी कॉन्व्हेंट या पिढीनं उभी केली. त्यांनी अनाथालयंही चालवली. पण खरं ते सांगायला हवं. या शाळा सुरुवातीला मुख्यतः गोऱ्या साहेबांच्या, सैनिकांच्या आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या मुलींसाठी होत्या. पुढं सुखवस्तू हिंदी घरांतल्या मुली येऊ लागल्या. आपल्याकडं सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात १८४८ साली शाळा सुरू केली ती बहुजन समाजाच्या मुलींसाठी. दगड-शेण झेललं ते त्यांनी. कॉन्व्हेंटच्या वाट्याला सरकारदरबारचा मान आला. ‘कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली’ हे लग्नाच्या जाहिरातीतलं भूषण झालं ते त्यातूनच. रोह्या-पेणसारख्या गावांतल्या माणसाला कॉन्व्हेंट या शब्दाचा आजही तेवढाच अर्थ ठाऊक असतो.

दुसरं पाऊल इस्पितळाचं. इथं एक गोष्ट सांगतो, जी मला एक मुसलमान म्हणून फार जवळची वाटते.

त्या काळी पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरांना दाखवत नसत. बाळंतपणात अडलेली बाई घरातच मरायची. मुसलमान घरांत हे होतं, तसं उच्चवर्णीय हिंदू घरांतही होतं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या त्या याच दुःखापोटी. त्यांचं स्वतःचं तान्हं मूल गेलं होतं. रावळपिंडीला अग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश डॉक्टरबाईंच्या खटपटीनं १९०९ साली बायकामुलांसाठी एक इस्पितळ निघालं. त्यांना कायमस्वरूपी बाया-डॉक्टर हव्या होत्या. धर्मभगिनी हे काम करतील असं त्यांना वाटलं. पण चर्चचा नियम आड आला. व्रतस्थ स्त्रीनं डॉक्टरकी करायची नाही, बाळंतपणाला हात लावायचा नाही. अविवाहित, पवित्र राहायची प्रतिज्ञा केलेल्या बाईला ते शोभत नाही म्हणे!

ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातल्या आना डेंगल या तरुणीनं मॅक्लारेनबाईंची हाक ऐकली. आयर्लंडमध्ये कॉर्कला जाऊन ती डॉक्टर झाली आणि १९२० साली रावळपिंडीला आली. चार वर्षं तिनं एकटीनं ते इस्पितळ ओढलं. एका बाईनं हे होणार नाही, संघच लागेल, हे तिच्या ध्यानात आलं. १९२५ साली वॉशिंग्टनला जाऊन तिनं मेडिकल मिशन सिस्टर्सचा संघ सुरू केला. नियम अजून तोच होता, म्हणून संघाला सगळी व्रतं जाहीरपणे घेता येत नव्हती. शेवटी ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून नवा आदेश निघाला. धर्मभगिनींनी बाळंतपणाची कामं करावीत, डॉक्टर व्हावं, अशी आता उलट शिफारसच झाली. त्याआधी मेरी ग्लोरी नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टर १९२० सालीच आंध्रातल्या गुंटूरला आल्या होत्या. पोपची खास परवानगी काढून त्या व्रतस्थ राहून वैद्यकी करू लागल्या. देशभरातल्या कॅथलिक इस्पितळांची संघटना १९४३ साली त्यांनीच उभी केली.

रावळपिंडीतल्या मुसलमान बायका पडद्यामुळं मरत होत्या, आणि धर्मभगिनींना त्यांच्याजवळ जायला त्यांचा स्वतःचा एक पडदा आड येत होता. एका पडद्यापायी दुसरा उचलावा लागला. हा इतिहास वाचल्यावर मला कुणाच्याही पडद्याला हसावंसं वाटत नाही. तो कोण उचलतं आणि कशासाठी उचलतं, एवढंच मी बघतो.

याच वाटेवर मदर तेरेसा येतात. १९४८ साली लोरेटोचं कॉन्व्हेंट सोडून त्या बाहेर पडल्या, तेव्हा आधी पाटण्याला गेल्या. आना डेंगलच्या भगिनींच्या इस्पितळात त्या शुश्रूषा शिकल्या आणि मग कलकत्त्याच्या वस्तीत शिरल्या. १९५० साली त्यांच्या संघाला मान्यता मिळाली. मुंबईत भायखळ्याला ‘आशा दान’ हे त्यांचं घर १९७६ पासून आहे. टाकलेली मुलं, निराधार रुग्ण, मतिमंद माणसं यांचा तिथं सांभाळ होतो. निळ्या काठाची पांढरी साडी ही साऱ्या जगाच्या ओळखीची झाली. नोबेल मिळालं, १९८० साली भारतरत्न मिळालं.

मदर तेरेसांवर टीकाही झाली. तीत एक मुद्दा विचार करण्याजोगा होता. पडलेल्याला उचलणं ठीक, पण तो का पडला हे कोण विचारणार? हा प्रश्न फक्त बाहेरचे टीकाकार विचारत होते असं नव्हे. खुद्द धर्मभगिनीही तो विचारत होत्या. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी तिनं धर्मसंघांना सांगितलं की आपल्या मूळ प्रेरणेकडं पुन्हा जा आणि आजच्या काळाच्या गरजा बघा. या एका वाक्यानं केवढी उलथापालथ केली! अनेकींनी पायघोळ झगे उतरवून साड्या नेसल्या. काहींनी मोठ्या शाळा आणि इस्पितळं इतरांवर सोपवून झोपडपट्टीत, आदिवासी पाड्यांवर भाड्याच्या खोल्या घेतल्या.

याची पूर्वतयारी मुंबईत आधीच झाली होती. मरियेच्या हृदयाच्या कन्या नावाचा एक संघ आहे. १७९० साली, फ्रान्सच्या राज्यक्रांतीत मठांवर बंदी आली तेव्हा तो निघाला. म्हणून पहिल्यापासूनच त्याला ना झगा, ना मठ. याच संघानं १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन हे समाजकार्याचं महाविद्यालय काढलं. सेवा ही शिकून, माहिती गोळा करून, माणसांना संघटित करून करायची असते, हे तिथं शिकवलं जाऊ लागलं. सर्व धर्मांतली मुलं-मुली तिथं शिकली आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत कामाला लागली.

आणि मग येतात जीन डेवोस. बेल्जियमच्या. जन्म १९३५. १९६३ साली त्या भारतात आल्या. त्यांचा संघही मुळात आपल्याच देशात रुजलेला. मारी लुईज दे मेस्तर ही त्याची संस्थापिका. १८९७ साली कन्याकुमारीजवळच्या मुळगुमूडू गावात तिनं अनाथ मुलींना सांभाळलं, लेस विणायला शिकवलं. त्याच संघातल्या जीनबाईंनी १९८५ साली घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली आणि मुंबई हे तिचं मोठं केंद्र झालं. लेस शिकवण्यापासून पगाराचा हिशेब शिकवण्यापर्यंत एकाच संघाचा प्रवास झाला.

खालाच्या जिन्यात बसणारी सिस्टर या चळवळीतली होती की दुसऱ्या कुठल्या, हे खालाला सांगता यायचं नाही. तिला संस्थेचं नाव कधी पाठ झालं नाही. पण काम त्याच पद्धतीचं होतं. आधी बायकांना एकत्र बसवायचं. एकीचा पगार दुसरीला कळू द्यायचा. आठवड्याला एक सुट्टी, आजारपणाची रजा, चोरीचा खोटा आळ आला तर पोलीस चौकीवर बरोबर जायला चार जणी. गावाकडून आणलेल्या आठ-दहा वर्षांच्या पोरी घरात राबताना दिसल्या तर त्यांच्यासाठी आवाज उठवायचा. आपल्या कोकणातून, रायगडातूनही अशा पोरी मुंबईला जात. ‘शिकवतो, लग्न करून देतो’ म्हणून नेत, आणि त्या भांडी घासता घासता मोठ्या होत.

हे सारं श्रेय सिस्टरांचंच आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुण्यात १९८० सालीच घरकामगार बायकांनी आपणहून संप केला होता आणि त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली होती. डावे कार्यकर्ते, स्त्री-संघटना यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. धर्मभगिनी त्या प्रवाहात आल्या, त्यांच्या शेजारी चालल्या. पूर्वीच्या काळी ‘आमचं कार्य’ म्हणून वेगळं कुंपण असायचं, ते आता उरलं नाही. मला वाटतं, हाच सर्वांत मोठा बदल.

फळं उशिरा आली, पण आली. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणं कायद्यानं बंद झालं. महाराष्ट्रानं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली केला. मंडळ २०११ मध्ये स्थापन झालं. १६ जून २०११ रोजी जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार मंजूर झाला. बाजूनं ३९६, विरुद्ध १६, तटस्थ ६३ मतं पडली. भारतानंही बाजूनं मत दिलं. तरी त्या करारावर आपल्या देशानं शिक्कामोर्तब करायचं राहूनच गेलं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावं लागलं की घरकामगारांसाठी कायदा करण्याचा विचार करा.

जिनिव्हाची बातमी आली तेव्हा खाला रोह्याला परतली होती. गुडघे गेले होते, हाताला साबणाच्या भेगा कायमच्या राहिल्या होत्या. मी तिला पेपर वाचून दाखवला. महाराष्ट्राच्या मंडळाचंही सांगितलं. ती म्हणाली, ‘मग माझंबी नाव घाल की.’ मी नियम बघितले. नोंदणी अठरा ते साठ वयापर्यंत. खाला तेव्हा सत्तरीच्या घरात होती. पंचवीस वर्षं मुंबईची भांडी घासून आलेल्या बाईला मी सांगितलं, ‘खाला, तुझं वय उलटलं.’ ती हसली. म्हणाली, ‘काय हरकत नाय. सिस्टरच्या वहीत हाय माझं नाव.’ २०१४ साली ती गेली. ती वही कुठं आहे, आहे की वाळवीनं खाल्ली, अल्ला जाणे.

पुष्कळ लोक मला विचारतात, सिस्टर लोकांचा हेतू धर्मांतराचाच असतो ना? सेवेच्या नावाखाली कुठंही काही वावगं घडलं नाही, असा दाखला मी कोण देणार? चारशे वर्षांच्या इतिहासात सत्तेच्या सावलीत चालणारे मठ होते, साहेबांच्या मुलींच्या शाळा होत्या, हे मी आत्ताच सांगितलं. पण माझ्या घरापुरती साक्ष देऊ शकतो. माझी खाला सिस्टरच्या बैठकांना बारा-चौदा वर्षं गेली. आयुष्यभर पाच वेळा नमाज पढली आणि शेवटी आमच्या कब्रस्तानात मातीआड झाली. तिचं नाव एकदा बदललं गेलं होतं हे खरं, पण ते पोटासाठी, एका चांगल्या घराच्या दारात. सिस्टरनं उलट ते तिला परत दिलं.

सेवा म्हणजे काय, याचा विचार आमच्या रोह्याला नवा नाही. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली याच गावात जन्मले. दुसऱ्याच्या दारी घ्यायला नव्हे, नातं जोडायला जावं, हे स्वाध्यायींनी गावोगाव फिरून केलं. माझ्या धर्मातही मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्या, अशी पैगंबरांची शिकवण सांगितली जाते. प्रत्येकाच्या घरात ही शिकवण असते. घरातल्या बाईच्या पगाराची वेळ आली की ती आठवावी लागते.

आज जगभर धर्मभगिनींची संख्या घटते आहे. १९७० च्या आसपास त्या दहा लाखांच्या घरात होत्या. आता सहा लाखांच्या आत आल्या आहेत. युरोपातले मोठमोठे मठ ओस पडले. भारतात अजून लाखभर आहेत, पण इथंही नव्या मुली पूर्वीइतक्या येत नाहीत. काही कामं त्यांच्या हातून सुटतील. घरकामगार बायकांच्या युनियन आता त्या बायका स्वतःच चालवू लागल्या आहेत. ज्या बाईची नोंद सांता मोनिकाच्या भिंतीआड कुणी केली नव्हती, ती आता स्वतः वही घेऊन बसते आहे. जिन्यातली सिस्टर उद्या नसली, तरी जिना ओस पडणार नाही, अशी आशा करायला जागा आहे.

तोपर्यंत आपल्याला करण्याजोगं एक काम आहे. आज रविवार. तुमच्याकडं काम करणाऱ्या ताई, मावशी कदाचित आजही आल्या असतील. मंडळाच्या नोंदणीसाठी त्यांना ज्या घरी काम करतात तिथला दाखला लागतो. चार ओळींचा कागद, खाली तुमची सही. तेवढ्यासाठी अनेकींची नोंदणी अडून राहते, कारण मागायला त्यांना भीती वाटते आणि आपल्याला द्यायचं सुचत नाही. त्यांनी मागायची वाट बघू नका. आजच लिहून द्या. साठी उलटली की मग उपयोग नाही.

आणि लिहिण्यापूर्वी त्यांचं नाव विचारा. तुम्ही हाक मारता ते नव्हे. त्यांचं खरं.